हातात गुण्या घेतलेले प्रेषित

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मैदान, स्नेहसंमेलने आणि सहली यांविषयी माझे सोबती लिहितीलच. मी मात्र ज्यांचे नाव आपल्या शाळेला आहे, त्या संत थॉमस यांच्याविषयी, म्हणजे येशूच्या बारा प्रेषितांपैकी (पट्टशिष्यांपैकी) एकाविषयी लिहिणार आहे. ३ जुलैला त्यांच्या सणाच्या दिवशी इतिहासाच्या बाई पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून त्यांच्या कथा सांगत, आणि प्रत्येक कथा संपली की तिला पुरावा काय, हेही आम्हाला विचारीत.

सर्वांत रंगणारी कथा होती राजवाड्याची. तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत रचलेल्या ‘थॉमसची कृत्ये’ या ग्रंथात ती येते. प्रेषितांनी आपापसांत देश वाटून घेतले, तेव्हा थॉमस यांच्या वाट्याला हिंदुस्थान आला. ते जायला तयार होईनात, म्हणून प्रभू येशूने त्यांना हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला चक्क दास म्हणून विकले. सुतारकाम आणि बांधकाम जाणणाऱ्या या दासाला गोंडोफारस राजाने वाडा बांधण्यासाठी धन दिले आणि थॉमस यांनी ते सगळे गोरगरिबांत वाटून टाकले. वाडा कुठे आहे, असे राजाने विचारल्यावर ‘तो मरणानंतर दिसेल’ असे उत्तर मिळाले, तेव्हा संतापून त्याने त्यांना कैदेत टाकले. पुढे राजाचा भाऊ गाद मरण पावला, स्वर्गात त्याने तो वाडा पाहिला आणि पुन्हा जिवंत होऊन राजाकडे तोच विकत मागितला. अनेक चित्रांत थॉमस यांच्या हाती गुण्या, म्हणजे सुताराचे काटकोन मापण्याचे साधन दिसते, ते याच कथेमुळे.

गोंडोफारस हे नाव दीर्घकाळ केवळ कथेतलेच वाटत होते. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान आणि पंजाबच्या भागात त्याची नाणी सापडली, आजच्या पाकिस्तानातील तख्त-ए-बाहीचा शिलालेख वाचला गेला, आणि पहिल्या शतकात वायव्येकडे या नावाचा राजा खरोखर होऊन गेल्याचे कळले. मात्र राजा खरा ठरला म्हणून वाड्याची कथा खरी ठरत नाही, हे बाई आवर्जून सांगत.

केरळची परंपरा वेगळी आहे. तिथे थॉमस इ.स. ५२ मध्ये मुझिरिस बंदरात उतरले, त्यांनी सात चर्चे स्थापिली आणि इ.स. ७२ मध्ये आजच्या चेन्नईतील मैलापूरजवळ भाल्याच्या घावाने त्यांना हौतात्म्य आले, असे मानतात. मोसमी वाऱ्यांवर रोमन व्यापाऱ्यांची जहाजे मलबारला येत असत, त्यामुळे हा प्रवास मला पूर्णपणे शक्य वाटतो. केरळातल्याच पालयूरला त्यांनी ओंजळीतून उधळलेले पाणी हवेतच थांबले आणि ते पाहून नंबुद्री (केरळी ब्राह्मण) कुटुंबांनी दीक्षा घेतली, ही कथा मात्र मी श्रद्धेची कथा म्हणूनच ऐकतो. त्या काळी तिथे नंबुद्री वस्ती होती का, याविषयीच इतिहासकारांना शंका आहे. येशू पुन्हा जिवंत झाल्याचे ऐकून, त्याच्या जखमांना हात लावल्याखेरीज विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणाऱ्या प्रेषिताला आपण विचारलेला हा प्रश्न रुचलाच असता, अशी माझी खात्री आहे.

बाईंच्या तासाला राहून गेलेला एक धागा आपल्या परिसरातला आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक लेखकाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियात नेमलेला बिशप असल्याचे नोंदवले आहे, आणि अनेक अभ्यासक ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण मानतात. पोर्तुगीज येण्याच्या सुमारे हजार वर्षे आधीचा हा उल्लेख आहे. यापुढे ३ जुलैला मैलापूरबरोबर कल्याणविषयीही विद्यार्थ्यांना सांगितले जावे, अशी शाळेला माझी विनंती आहे.