सराफ्यात २४ एमएम एफ/२: पहिला स्लाइड रोल

रोल मुंबईहून धुऊन आला. ३६ पैकी ११ फ्रेम ठेवण्यासारख्या. स्लाइडच्या (निगेटिव्ह न देता थेट खऱ्या रंगांचं चित्र देणारी फिल्म) मानाने बरं आहे, अशी मी माझीच समजूत घालतोय. घरात खर्चाचा आकडा अजून सांगितलेला नाही.

कॅमेरा निकॉन एफएम२, फिल्म प्रोव्हिया १००एफ आणि नवीन (म्हणजे माझ्यापेक्षा थोडीच लहान) मॅन्युअल निक्कॉर २४ एमएम एफ/२ वाइड लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त उजेड).

इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा. रात्री दुकानांची शटरं पडली की त्यांच्याच ओट्यांपुढे गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढतात. तिथे १०० आयएसओवर (फिल्मची उजेड टिपण्याची क्षमता) एफ/२ ला १/३० सेकंदाचा शटर स्पीड मिळत होता. माझ्या जुन्या एफ/२.८ लेन्सवर हाच १/१५ झाला असता. एवढ्या एका स्टॉपसाठी, म्हणजे दुप्पट उजेडासाठी, पैसे मोजले.

पहिल्या आठ फ्रेम काळ्याकुट्ट. चूक माझीच. वाइड लेन्समध्ये पाच-सहा उघडे बल्ब आपसूक शिरतात, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्यांना भुलतो. मग तळहातावर त्याच उजेडात मीटर धरून एक स्टॉप जास्त दिला आणि गाडी रुळावर आली. निगेटिव्हमध्ये असल्या चुका पोटात घातल्या जातात, स्लाइड अर्ध्या स्टॉपचाही हिशेब मागते.

जिलेबीवाल्याने विचारलं, "भिया, रील अब भी मिलती है क्या?" त्याला म्हटलं, मिळते, पण तुझ्या जिलेब्यांपेक्षा महाग. त्याची फ्रेम सगळ्यात चांगली आली: दोन मीटरवर फोकस, चेहरा चोख, मागची गर्दी किंचित विरघळलेली. २४ एमएमवर बोकेची (मागचं सगळं धूसर होण्याची) हाव धरू नये. दोन मीटरवर एफ/२ लासुद्धा साधारण १.६ ते २.५ मीटरपर्यंत सगळं नीट दिसतं.

आता कोपरे. लाइट टेबलवर लूप (भिंग) लावला आणि तोंड कडू झालं. एफ/२ ला कडेच्या प्रत्येक बल्बला पाखराचे पंख फुटलेत, शिवाय कोपरे काळवंडलेले. मधला भाग मात्र सुरेख. एफ/२.८ ला पंख बरेच मिटतात.

राजवाडा ट्रायपॉडवरून, एफ/८, ८ सेकंद. प्रोव्हियाला १२८ सेकंदांपर्यंत रेसिप्रॉसिटीची दुरुस्ती (लांब एक्स्पोजरला द्यावा लागणारा जादा वेळ) लागत नाही, त्यामुळे डोकं शांत. खालचे तीन दगडी मजले, वरचे लाकडी, कोपऱ्यापर्यंत लख्ख. पण एफ/८ लाच वापरायची तर ही लेन्स कशाला? सराफ्यासाठीच ती, आणि तिथे कोपऱ्यात बल्ब येऊ द्यायचा नाही, माणूस मध्याजवळ ठेवायचा.

पुढचा रोल कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर (होळकरांची स्मारकं), सूर्य मावळल्यावर आकाश आणि दिवे तोलात येतात त्या वेळेला. तो फ्रिजमध्ये कढीपत्त्यामागे ठेवलाय. आईने अजून पाहिलेला नाही.