शेपटीपासून सुरुवात : पहिले २६ तास

स्वतः जोडायच्या विमानाच्या किटची खोकी फोडून यादीशी एकेक भाग ताडून बघण्यात दोन संध्याकाळी गेल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही, थेट व्हर्टिकल स्टॅबिलायझरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या स्थिर भागावर येतो. शेपूट आधी का बांधायचं हे आता कळतंय. भाग टेबलावर मावतो, आणि हात बसायच्या आत एखादा वाया गेलाच तर पंखाच्या स्किनपेक्षा (बाहेरच्या पत्र्यापेक्षा) बराच स्वस्तात सुटतो.

२६ तासांत पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायची गन चालली असेल जेमतेम दीड तास. बाकी सगळा वेळ बर, म्हणजे कापल्यावर कडेला उरलेली धातूची खरखरीत धार काढण्यात. प्रत्येक भोकाची दोन्ही तोंडं, रिबच्या (आतल्या फासळ्यांच्या) कडा, वजन कमी करायला पाडलेल्या मोठ्या भोकांच्या आतल्या कडासुद्धा. कंटाळा येतो, पण राहिलेल्या बरपासूनच पुढे कंपनांनी तडा सुरू होतो. सुरुवातीला मी कटर इतका दाबला की पातळ पत्र्यातली भोकं काउंटरसिंक, म्हणजे तोंडाशी शंकूसारखी रुंद व्हायला लागली! दोन-तीन हलके वेढे पुरतात. नखाला धार लागली नाही की थांबायचं.

पत्र्यावरची निळी संरक्षक फिल्म अख्खी सोलली नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक गोल घासून रिव्हेटच्या रांगांपुरत्या पट्ट्या काढल्या. २०२४ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो आणि गंजापासून वाचवतो तोच. ओरखडा खोल गेला की तिथे तो संपला. फिल्म वर्षानुवर्षं ठेवायचीही नाही म्हणा, खाली ओल धरते.

आता रडगाणं. मागच्या स्पारला (मुख्य तुळईला) डबलर, म्हणजे मजबुतीचा जादा पत्रा जोडताना १/८ इंची रिव्हेट. ठोकलेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, म्हणजे साधारण ४.८ आणि १.६ मिमी. अकरा छान बसले, बारावा आडवा पडला, कारण बकिंग बार (मागून टेकवायचा धातूचा ठोकळा) तिरका धरला होता. एडी प्रकारच्या रिव्हेटच्या तयार डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. तो मिश्रधातू ओळखण्यासाठी, पण काढताना ड्रिलचं टोक टेकवायलाही सोयीचा. पहिल्यांदा काढला तेव्हा डोक्याच्या जाडीएवढंच ड्रिल करून पंचने डोकं उडवलं, दांडा अलगद निघाला. त्याच भोकात दुसराही वाकला. त्या वेळी घाई नडली, ड्रिल तिरकं गेलं आणि भोक लंबगोल झालं.

आता तिथे एक माप मोठा, ५/३२ इंची रिव्हेट घालायचा तर मध्यापासून कडेपर्यंत किमान दोन व्यास, म्हणजे ८ मिमी हवेत. मोजले तर साडेनऊ भरतात. तरी स्पार आहे, म्हणून किट बनवणाऱ्यांना फोटो पाठवलाय. उत्तर येईपर्यंत त्या भोकाला हात लावणार नाही.

तोवर स्किन क्लेकोंवर, म्हणजे भोकांत बसणाऱ्या तात्पुरत्या पकड-पिनांवर चढवून ठेवलीय. ३/३२ चे चंदेरी, १/८ चे तांबूस, साळिंदरच दिसतंय. उद्या सगळं उतरवून डिंपल करायला, म्हणजे रिव्हेटचं डोकं बसेल असा भोकाभोवती खळगा दाबायला घेतो.