गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं पाणी नहाणीपर्यंत नेताना

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये 25 लिटरचा गीझर बसवला. जोडणी झाली, पण सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड तसंच उघडं, नेमकं अंघोळीच्या जागेवर. 'फार गळलं तर बूच मारा' हा सल्ला सर्रास मिळतो. तेवढं एक कधी करू नये.

गळण्याचं कारण साधं आहे. थंड पाण्याच्या तोंडाशी बसणाऱ्या या व्हॉल्व्हमध्ये नॉन-रिटर्न असतो, त्यामुळे तापून फुगलेलं पाणी मागे लाइनीत जात नाही. 27 अंशांचं पाणी 65 वर नेलं की 25 लिटरमागे सुमारे 400 मिली फुगतं. टाकीतला दाब वाढतो, 8 बारच्या आसपास स्प्रिंग उचलते आणि जादा पाणी बाहेर पडतं. बूच मारलं आणि एखाद दिवशी थर्मोस्टॅट व जास्त तापल्यावर वीज तोडणारा कट-आउट दोन्ही चिकटले, तर पाणी तापतच राहतं. 8 बारला ते सुमारे 175 अंशांपर्यंत उकळत नाही. अशी टाकी फाटली की त्यातल्या पाण्याचा साधारण सातवा भाग क्षणात वाफ होतो.

पाइपची निवडही यावरूनच केली. प्लॅस्टिकमध्ये यूपीव्हीसी 60 अंशांच्या पुढे मऊ पडतो, गरम पाण्यासाठीच्या सीपीव्हीसीची मर्यादा 93 अंश, आणि बिघाडात बाहेर येणारं पाणी थेट उकळतं. म्हणून शेवटपर्यंत तांबं. एसीच्या दुकानातली नळी इंची मापाची असते हे विसरू नका. पाच अष्टमांश म्हणजे 15.88 मिमी, ती 15 मिमीच्या कॉम्प्रेशन फिटिंगमध्ये शिरतच नाही. व्हॉल्व्हसुद्धा बाहेरच्या तोंडाला अर्धा इंची आटे असलेला घेतला, गीझरच्या प्लेटवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त रेटिंगचा नाही ना हे बघून. नुसतं टोक असलं की लोक त्यावर रबरी नळी चढवतात आणि ती गरम पाण्याने सैल होऊन निसटते.

आधी एमसीबी बंद, मग अँगल कॉक बंद, मग गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडला. व्हॉल्व्हवरचा बाण गीझरकडे असायला हवा. तोंडाखाली 15 मिमी नळीचा छोटा तुकडा, त्याखाली पितळी नरसाळं, दोन्हींमध्ये बोटभर मोकळी जागा. ही फट म्हणजे आळस नव्हे. गळती डोळ्यांना दिसते आणि नहाणीतली घाण उलटी वर चढत नाही. ब्रिटनमध्ये असं उघडं नरसाळं आणि त्याखाली पहिल्या बेंडपर्यंत किमान 300 मिमी सरळ नळी नियमानेच लागते. ते माप मी तसंच उचललं. नरसाळ्याखाली 22 मिमी नळी घेतली, म्हणजे वरून जोरात आलेलं पाणी तुंबून फटीतून उडत नाही.

आडव्या भागाला मीटरमागे सेंटीमीटरभर उतार दिला. मध्ये कुठेही कॉक नाही, वरच्या दिशेने वळण नाही. खोलगट भागात पाणी साचून क्षार बसतो. शेवटचं टोक भिंतीलगत, नहाणी ट्रॅपच्या जाळीच्या दोन इंच वर, पाय पडणार नाही असं ठेवलं. खिडकीबाहेर सोडायचा मोह होतो, पण खालच्या मजल्यावर कोण हात बाहेर काढून कपडे वाळत घालतंय ते आपल्याला दिसत नाही.

चाचणी थंड पाण्यावरच. गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरली, नळ बंद केला आणि व्हॉल्व्हची दांडी पूर्ण उचलून धरली. नरसाळं ओसंडलं नाही. मग 2 किलोवॉटवर अर्धा तास गीझर चालवून टोकाखाली पसरट भांडं ठेवलं. साडेतीनशे मिलीच्या आसपास पाणी जमलं, म्हणजे व्हॉल्व्ह काम करतोय.

गीझर बंद असतानाही गळत राहिलं तर कारण वेगळं. इमारतीची गच्चीवरची टाकी जितकी वर तितका दाब जास्त, दर 10 मीटरला साधारण 1 बार. टॉवरच्या खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह आहे का आणि चालतोय का, हे सोसायटीच्या प्लंबरकडून आधी पाहून घ्यावं. दुसरा संशयित क्षार. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत व्हॉल्व्हच्या बैठकीवर खर बसते आणि तो नीट मिटत नाही. दोन-तीन महिन्यांनी, गीझर थंड असताना, दांडी दोनदा उचलून सोडली की बरीचशी निघून जाते. तरीही गळती थांबली नाही तर व्हॉल्व्हच बदलायचा.