कोणतं ब्रीड?

कुत्रा घेऊन फिरायला निघालं की लोक आधी हेच विचारतात. उत्तर 'गावठी' असेल तर चेहऱ्यावर सांत्वनाचा भाव येतो. खरं तर ब्रीड म्हणजे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या लावलेली नोकरी. डॅशहुंडची लांब पाठ न् आखूड पाय हे बिळात शिरून बॅजर नावाच्या प्राण्याला हुसकण्यासाठी. त्याला लिफ्ट नसलेल्या इमारतीत रोज तीन मजले चढवले की मणक्यातली चकती सरकायचा धोका असतो. बीगलच्या नाकात वास शिरला की आपली हाक त्याच्या कानात शिरत नाही. तो उद्धट नसतो, ड्यूटीवर असतो.

आपला कारवान कुत्रा बघा. लातूर-सोलापूरकडचा, धावता ससा नजरेने टिपणारा. कर्नाटकातला त्याचा भाऊ मुधोळ तर 2005 साली टपाल तिकिटावरही आला. कारवानच्या बरगड्या दिसतात म्हणून लोक मालकाला रागावतात, "खायला देत नाही का हो?" दोन-तीन बरगड्या दिसणं हीच त्याची तब्येत. पण एक गोष्ट सांभाळावी लागते. त्याची मान डोक्याइतकीच जाड, म्हणून साधा पट्टा कानांवरून सहज निसटतो. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो, आणि पट्टा आपल्या हातात उरतो. ओढल्यावर बेताने आवळला जाणारा मार्टिंगेल पट्टा घ्या.

हे शेल्टरमधून आणलेल्या कोणत्याही कुत्र्याला लागू आहे, कारण नवा कुत्रा गाडीचं दार ते घराचं दार एवढ्याच अंतरातही हरवू शकतो. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, दोन्ही घाला, दोर दोन्हींना अडकवा. पट्ट्याखाली दोन बोटं मावली की पुरे.

शेल्टरमध्ये गेल्यावर जाळीवर उड्या मारणाऱ्याकडेच डोळे जातात. कोपऱ्यातल्याकडेही बघा, पण डोळ्यांत डोळे घालून नको. बाजूला तोंड करून खाली बसा आणि दहा मिनिटं थांबा. तो मान लांब करून, मागचे पाय जागेवरच ठेवून हुंगायला आला तर काम झालं. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. लसीचं कार्ड मागा, जेवण काय देतात तेही विचारा. घरी आधी तेच अन्न द्या आणि आठवडाभरात रोज थोडं थोडं बदला. पहिल्याच दिवशी चिकनचा पाहुणचार केलात तर रात्रभर फरशी पुसाल.

पिल्लू असेल तर जास्त जपावं लागतं. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची लागण झाली तरी लक्षणं उमटायला चार-पाच दिवस जाऊ शकतात, म्हणजे उड्या मारत घरी आलेलं पिल्लूही आठवड्याच्या आत उलट्या करू लागतं. सकाळची वाट बघायची नाही, तडक डॉक्टर. फिनेलने हा विषाणू मरत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि ते दहा मिनिटं फरशीवर तसंच राहू द्यायचं.

पहिले तीन दिवस पाहुण्यांना बोलवू नका, आंघोळ घालू नका. तो पलंगाखाली गेला तर तिथेच राहू द्या, वाटी जवळ सरकवा. सगळे म्हणतात, किती शांत आहे हो! मग तिसऱ्या आठवड्यात कधीतरी बेल वाजते, आणि तो पहिल्यांदा भुंकतो.