झेनच्या इंजिनातील गाळ : फ्लश टाळून चेंबर उतरवण्याचा निर्णय आणि पुढची प्रगती

मे अखेर

कार्ब्युरेटरचे काम आटोपल्यावर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सेट करण्यासाठी माझ्या मारुती झेन मोटारीचे टॅपेट कव्हर उघडले आणि पुढचे सगळे वेळापत्रक बदलावे लागले. गाडी १९९७ ची, इंजिन ९९३ सीसीचे जी१०बी. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, कॅमशाफ्ट हेडमध्ये आणि टॅपेटचे अंतर स्क्रू व चेकनटने बसवायचे. कव्हरच्या आतल्या बाजूला काळ्या गाळाचा जाड थर होता, रॉकर शाफ्टखालचे कोपरे भरून गेले होते आणि वरचे ऑईल खाली चेंबरकडे (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठवणाऱ्या भांड्याकडे) परत जाण्यासाठी हेडमध्ये जी भोके असतात, त्यांपैकी मागचे भोक तारेने टोचेपर्यंत दिसतच नव्हते. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना येणाऱ्या निळसर धुराचा एक धागा येथेच हाती लागला. खाली उतरू न शकणारे ऑईल वरच साचते, रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलांमधून झिरपते आणि सकाळी जळते.

गाळ हातात घेऊन पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुढचा निर्णय त्याच्या पोतावर ठरतो. माझ्या इंजिनातला थर मऊ होता, बोटांत चोळल्यावर पसरत होता, मात्र एक्झॉस्टच्या बाजूला तो वाळून खपल्या धरू लागला होता. मऊ गाळ चांगल्या ऑईलमध्ये हळूहळू विरघळतो. वाळलेली खपली विरघळण्याआधी सुटून येते, आणि खरा धोका या सुटण्यातच आहे.

आमच्या मेस्त्रींचा सल्ला ठरलेला होता : "ऑईल काढून डिझेल घालूया, दहा मिनिटं चालवूया, सगळा गाळ निघतोय बघा." त्यांनी असंख्य गाड्या अशाच धुतल्या आहेत आणि त्यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे, तरीही या इंजिनाला मी नकार दिला. बाटलीत मिळणारे फ्लशही बहुतेक करून पातळ पेट्रोलियम द्रावणच असते. ते जुन्या ऑईलमध्ये मिसळून, गाडी जागेवर उभी ठेवून, दहा-पंधरा मिनिटे स्लो स्पीडला चालवायचे आणि गरम असतानाच सगळे काढून टाकायचे, अशी त्याची रीत असते. स्लो स्पीडला ऑईलचे प्रेशर मुळात सर्वांत कमी असते, त्यात ऑईल पातळ केलेले असते, आणि त्याच वेळी वरून सुटलेल्या खपल्या चेंबरमध्ये उतरून पंपाच्या तोंडावरच्या जाळीकडे ओढल्या जातात. जाळी तुंबली तर पंपाला ऑईल मिळत नाही. या इंजिनात कॅमशाफ्ट थेट हेडच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये फिरतो, तेथे बदलता येण्याजोग्या बेअरिंगच्या वाट्या नाहीत. म्हणजे ऑईल कमी पडून तेथे पकड बसली तर खर्च थेट हेडवर जातो. फिल्टर हे सगळे थोपवेल, हा भरवसाही पुरा नाही, कारण फिल्टर तुंबल्यावर आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑईल पुढे जाऊ लागते.

जून

कोणतेही रसायन घालण्यापूर्वी प्रेशर मोजले. डॅशबोर्डवरचा ऑईलचा दिवा प्रेशर जवळजवळ संपल्यावरच लागतो, त्यामुळे तो विझलेला आहे म्हणून सर्व ठीक आहे असे मानता येत नाही. प्रेशर स्विचच्या जागी यांत्रिक गेज बसवण्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यांकडून पितळी अ‍ॅडॅप्टर करून घेतला. इंजिन पूर्ण गरम असताना स्लो स्पीडला साधारण १० पीएसआय (दाबाचे एकक) आणि तीन हजार आरपीएमला ३२ च्या आसपास आकडा मिळाला. दर हजार आरपीएममागे १० पीएसआय हा ढोबळ नियम धरला तर हा आकडा काठावरचा आहे.

त्यानंतर चेंबर उतरवले. त्यासाठी पुढचा सायलेन्सर पाईप आणि क्लच हाऊसिंगखालचा पत्रा काढावा लागतो. काम वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. तळाशी काळा, जेलीसारखा थर होता आणि जाळीचा निम्म्याहून अधिक भाग झाकलेला होता. जाळीच्या पाईपला पंपाकडच्या टोकाला जी रबरी रिंग असते, ती कडक होऊन चपटी झाली होती आणि नखाने दाबल्यावर तडकली. एवढ्याशा रिंगकडे फार कमी लोक लक्ष देतात, पण ती नीट बसत नसेल तर पंप ऑईलबरोबर हवाही ओढतो. डिझेल घालून इंजिन चालवले असते तर ही रिंग तशीच राहिली असती आणि उरलेली जाळी वरून आलेल्या खपल्यांनी भरली असती.

स्वच्छता सगळी हाताने केली. कव्हर, चेंबर आणि जाळी इंजिनापासून वेगळ्या करून रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने धुतल्या. हेडवरचा गाळ मात्र कोणतेही द्रावण न वापरता, परतीच्या भोकांत कापडाचे बोळे घालून, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून बाहेर उचलला. धातूची पट्टी वापरू नये. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे येतात. चेंबर परत बसवताना दोन्ही पृष्ठभाग पूर्ण कोरडे करून सिलिकॉन सीलंटची बारीक, सलग रेषच ओढावी, कारण जास्तीचे सीलंट आतल्या बाजूला दबून सुटते आणि पुन्हा त्याच जाळीवर जाऊन बसते. बोल्ट लहान आहेत, दहा-अकरा न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नये.

नव्या रिंगसह त्याच गरम स्थितीत पुन्हा मोजल्यावर स्लो स्पीडला १७ आणि तीन हजारांना ४८ पीएसआय मिळाले. यातला थोडा वाटा नव्या ऑईलचा आहे हे मान्य करूनही फरक मोठा आहे.

गाळ झाला कशाने

हा प्रश्न सोडून केलेली सफाई टिकत नाही, म्हणून त्याचा शोध घेतला. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटरच्या घरात पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी वाफ, अर्धवट जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतात. इंजिन पुरेसे गरम झाले तर पाणी व इंधन उडून जाते आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या व्हॉल्व्हमधून) पुन्हा मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा-इंधन नेणाऱ्या नळीकडे खेचले जाते. इंजिन थंडच राहिले तर हे सगळे ऑईलमध्ये साठते, घाण विखुरलेल्या अवस्थेत धरून ठेवणारे ऑईलमधले घटक संपतात आणि गाळ खाली बसू लागतो.

माझ्या गाडीत दोन्ही वाटा बंद होत्या. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवल्यावर आतली पिन वाजली पाहिजे. ती गच्च बसलेली होती. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचे पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, तर हाऊसिंगमध्ये नव्हताच. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि तिचा मला मनापासून विरोध आहे. रेडिएटरचे पाणी पहिल्या क्षणापासून फिरत राहते, तापमानाचा काटा पावपट्टीच्या वर सरकत नाही आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात मंडईपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑईल कधीच नीट गरम होत नाही. आधीच्या मालकांचा वापर नेमका असाच होता. आता ८२ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट आणि नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह बसवला आहे.

हा दोष केवळ जुन्या किंवा दुर्लक्षित गाड्यांचा नाही. अमेरिकेत टोयोटाच्या १९९७ ते २००२ या मॉडेल-वर्षांच्या काही गाड्यांत, तीन लिटरच्या व्ही-६ आणि २.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनांत, गाळाच्या इतक्या तक्रारी आल्या की २००२ मध्ये कंपनीला त्यांच्यासाठी विशेष दुरुस्ती योजना जाहीर करावी लागली.

ऑगस्ट

पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत आणि ऑईलच्या बारीक वाटांत हात पोचत नाही. तेथला गाळ ऑईलनेच काढावा लागतो. त्यासाठी सीआय-४ प्लस दर्जाचे १५डब्ल्यू-४० ऑईल निवडले. डिझेल इंजिनांसाठी बनवलेल्या या ऑईलमध्ये काजळी धरून ठेवणारे आणि धुणारे घटक भरपूर असतात. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) नाही, म्हणून ही निवड चालते; ज्यांच्या गाडीला आहे त्यांनी फॉस्फरसचे प्रमाण मर्यादित असलेले पेट्रोल दर्जाचे ऑईलच घालावे. पहिली बदली हजार किलोमीटरच्या आत केली आणि पुढच्याही सध्या तशाच लवकर करत आहे. ऑईल सुमारे तीन लिटरच लागते, त्यामुळे खर्च सोसवतो. फिल्टर प्रत्येक वेळी नवा.

काढलेला फिल्टर कटरने कापून घड्या उलगडून पाहणे हा सगळ्यात उपयोगी पुरावा ठरला. हॅक्सॉ वापरू नये, तिचा कीस आत पडून इंजिनाच्या झिजेचा खोटा संशय निर्माण करतो. पहिल्या फिल्टरच्या घड्यांच्या तळाशी काळे, मऊ कण ओळीने बसले होते. दुसऱ्यात ते पुष्कळ कमी होते आणि लोहचुंबकाला काही चिकटले नाही. गेजही अजून जागेवरच ठेवले आहे, कारण सुटलेला गाळ जाळीवर बसू लागला तर ती खूण दिव्याच्या कितीतरी आधी काट्यावर दिसेल.

फ्लशला माझा सरसकट विरोध नाही. कव्हर उघडल्यावर नुसती तपकिरी झाक दिसत असेल, ऑईल बदलीचा इतिहास माहीत असेल आणि जाळी डोळ्यांनी पाहिलेली असेल, तर बाटलीवरच्या सूचना पाळून केलेला फ्लश चालेल. खपल्या दिसत असतील तर मात्र आधी चेंबर उतरवावे.

सकाळचा धूर आता पुष्कळ कमी आहे, पण पट्टीवर दिसणारी ऑईलची पातळी अजून हळूहळू खाली जाते. पिस्टनवरची ऑईल रिंग अडकलेली आहे की व्हॉल्व्हचे सील गेले आहेत, हे ठरवण्यासाठी आधी कोरडी आणि मग सिलिंडरमध्ये थोडे ऑईल टाकून ओली कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची चाचणी) घेणार आहे. ओल्या चाचणीत आकडा फारसा वाढला नाही, तर कॉम्प्रेशनच्या रिंगा धड आहेत असे धरून पहिल्यांदा सील बदलेन, कारण ते हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून बदलता येतात. त्यानंतरही ऑईल जळत राहिले तर संशय ऑईल रिंगवर येईल; मग पिस्टनवर द्रावण टाकून रात्रभर भिजवायचे आणि नव्या ऑईलने गाडी सुरू करण्याआधी ते सगळे चेंबरमधून काढून टाकायचे, असे ठरवले आहे.