शांत इस्टेटीवरचे आवाज

मोठ्या शेतजमिनीच्या मधोमध उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या घरात काही दिवस राहायला जाणाऱ्या माणसाला शांतता हवी असते, आणि अशा जागांच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत तिचे आश्वासन दिलेले असते. मला अशा मुक्कामांची आवड आहे. संधी मिळाली की मी जाते. मात्र तिथली शांतता ही केवळ निसर्गाची देणगी नसते, तिचा मोठा भाग कोणीतरी जाणीवपूर्वक रचलेला असतो, हे माझे मत दर मुक्कामागणिक पक्के होत गेले आहे.

ही रचना फार जुनी आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वी धाकटा प्लिनी या रोमन वकिलाने आणि प्रशासकाने रोमपासून 17 मैलांवर, लॉरेंटम येथे असलेल्या आपल्या घराचे सविस्तर वर्णन एका पत्रात केले आहे. त्या घरात त्याने स्वतःसाठी एक निजायची खोली बांधून घेतली होती. खोलीची भिंत आणि बागेची भिंत यांच्या मध्ये एक बोळ सोडलेला होता, आणि बाहेरून येणारा आवाज त्या रिकाम्या जागेतच विरून जातो, असे त्याने नमूद केले आहे. नोकरांचे बोलणे, समुद्राची गाज, वादळाचा घोंघाट यांपैकी काहीही तिथवर पोहोचत नसे. सॅटर्नेलियाच्या सणात उरलेले घर आरडाओरड्याने दुमदुमत असताना तो त्या भागात जाऊन बसे. त्यामुळे घरच्यांच्या मौजेत त्याचा अडथळा होत नसे आणि त्याच्या अभ्यासात त्यांचा. दोन भिंतींमध्ये हवेची पोकळी ठेवून आवाज रोखण्याची ही युक्ती आजही वापरली जाते. मला मात्र त्या पत्रातली नोकरांची नोंद अधिक बोलकी वाटते. ज्यांच्या कष्टांवर ते घर चालत होते, त्यांचा आवाज ऐकू न येणे हा त्या खोलीचा एक गुण म्हणून सांगितला आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या जमीनदारांनी हाच विचार कानांकडून डोळ्यांकडे नेला. लॅन्सलॉट ब्राउनसारख्या उद्यानरचनाकारांनी आखलेल्या इस्टेटींत घराच्या खिडकीतून हिरवळ थेट कुरणात मिसळलेली दिसते आणि मध्ये कुंपण म्हणून काही दिसत नाही, कारण गुरांना अडवणारा चर जमिनीच्या पातळीखाली खणलेला असतो. डॉर्सेटमध्ये मिल्टन येथील जमीनदाराने 1780 च्या सुमारास घरासमोरच्या देखाव्यात अडथळा येतो म्हणून जवळचे गावच हलवायला घेतले आणि नजरेआड नवे गाव वसवले. डर्बीशरमधल्या एका इस्टेटीत तर माळी लोक मालकांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून त्यांच्या जाण्यायेण्यासाठी भुयार बांधलेले आहे. असे देखावे पाहून मन प्रसन्न होते, हे मी नाकारत नाही. पण त्या प्रसन्नतेतून काय काय वगळले गेले आहे, हे ठाऊक असणे बरे.

आता प्रत्यक्ष मुक्कामाकडे येते. शहरातून आलेल्या माणसाला पहिल्या संध्याकाळी जे जाणवते ते आवाज नाहीसे होणे नव्हे, तर एकेक आवाज सुटा होणे होय. वाहनांचा अखंड घरघराट थांबला की फाटकाची कडी, विहिरीवरचा पंप, गोठ्यातल्या जनावराने बदललेली कूस, असे प्रत्येक आवाजाचे स्थान आणि अंतर कळू लागते. त्यात रात्रीच्या हवेची भर पडते. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, आणि ध्वनी गरम हवेत अधिक वेगाने जात असल्यामुळे त्याची दिशा वरच्या थंड हवेकडे वळते. दूरचा आवाज त्यामुळे डोक्यावरून निघून जातो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन वेगाने निवते, तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि ध्वनी पुन्हा खाली वळतो. म्हणूनच दिवसा जिचा मागमूसही नसतो अशी दूरची आगगाडी मध्यरात्री अंगणापलीकडून गेल्यासारखी ऐकू येते. जागेच्या मालकाने रेल्वेमार्ग लपवून ठेवला होता, अशी तक्रार करण्यापूर्वी पाहुण्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

डेसिबलचे आकडेही इथे अपुरे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने 2009 मध्ये घराबाहेरची रात्रीची वार्षिक सरासरी ध्वनिपातळी 40 डेसिबलपेक्षा अधिक नसावी, अशी शिफारस केली होती. बहुतेक निवांत इस्टेटी या कसोटीला सहज उतरत असाव्यात; पण झोप सरासरीने मोडत नाही, ती एका भुंकण्याने मोडते, आणि पार्श्वभूमी जितकी निःशब्द तितके ते भुंकणे अधिक दचकवते.

शिवाय नव्या जागी पहिल्या रात्री आपण पुरते झोपतच नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री गाढ झोपेच्या काळातही मेंदूचा डावा गोलार्ध उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि वेगळ्या आवाजाला तो अधिक तत्परतेने प्रतिसाद देतो. त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक उरत नाही. तेव्हा एका रात्रीसाठी अशा ठिकाणी जाणे म्हणजे केवळ पहाऱ्याची रात्र पदरात पाडून घेणे आहे. किमान दोन रात्री तरी राहावे, आणि शक्य असल्यास पहिल्या दिवशी प्रवासाव्यतिरिक्त काहीही ठरवू नये.

अंधाराविषयी थोडक्यात. डोळे अंधाराला पुरते सरावायला साधारण 20 ते 30 मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले तरी त्यातली बरीचशी मेहनत वाया जाते. आकाशगंगेचा पट्टा पाहायचा असेल तर अंगणातले दिवे बंद करायला सांगावे. सुरक्षेसाठी म्हणून रात्रभर पेटते ठेवलेले दिवे हा चांगल्या इस्टेटींचाही सर्वांत मोठा दोष आहे, असे मला वाटते.

आणि पहाट. पाहुण्यांची सर्वाधिक कुरकुर पहाटेच्या यंत्रांवर असते. एका ठिकाणी व्यवस्थापकाने मला सांगितले की सुट्टीवर आलेले लोक ट्रॅक्टर उशिरा सुरू करण्याची विनंती करतात आणि तो ती दर वेळी नम्रपणे नाकारतो. त्याचे कारण रास्त होते: फवारणी वारा पडलेला असतानाच करावी लागते, कापलेली नाजूक भाजी ऊन चढण्यापूर्वी सावलीत गेली नाही तर कोमेजते, आणि दूध काढण्याची वेळ जनावरांच्या सवयीने ठरते. मला त्याचा नकार आवडला. ज्या इस्टेटीवर खरोखरीची शेती होते तिथे पाहुण्यांच्या झोपेला दुसरा क्रमांक मिळणे योग्यच आहे. उलट जिथे तो पहिला असतो, तिथे पुष्कळदा शेती केवळ खिडकीतून पाहण्यापुरती उरलेली असते.

त्यामुळे मुक्काम ठरवताना मी आता तीन गोष्टी विचारते. खोलीची खिडकी गोठ्याच्या किंवा यंत्रांच्या बाजूला आहे की विरुद्ध बाजूला, या हंगामात कामाला किती वाजता सुरुवात होते, आणि रात्री बाहेरचे दिवे बंद करता येतात का. या प्रश्नांची नेमकी उत्तरे ज्याला देता येतात त्याला आपली जागा ठाऊक असते. इथे कसलाच आवाज नसतो, असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर मी दुसरीकडे चौकशी करते.