बटण गुलाबाची आठ महिने वाट पाहिली, माझा अनुभव

नाशिकला राहून दारात गुलाब नाही, हे मला बरीच वर्षं टोचत होतं. मुघलांच्या काळात ह्या गावाला गुलशनाबाद म्हणायचे, म्हणजे फुलांचं गाव. आमचं रो-हाउस आहे आणि गेटमधून आत आलं की डाव्या हाताला बारा फूट लांब नि चार फूट रुंद पट्टी, एवढीच काय ती बाग. त्यात उंच दांड्याचा, एकेका मोठ्या फुलाचा गुलाब मला नको होता, गाडी काढताना ओढणी अडकते आणि त्याचे लाडही फार करावे लागतात. मला पाहिजे होता झुपक्याने फुलणारा बटण गुलाब, दोन-अडीच फुटात पसरून राहणारा, चार दिवस गावाला गेलं तरी तोंड न पाडणारा. आता तीन झुडपं आहेत तशी, पण तिथवर यायला सव्वा वर्ष गेलं आणि त्यातले आठ महिने एका नर्सरीने अक्षरशः वाया घालवले, ते आधी सांगते.

जागा, ऊन ह्यात काही अडलं नाही. सकाळपासून दुपारी एकपर्यंत ऊन असतं, तेवढं गुलाबाला पुरतं. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी, म्हणून दीड फूट खड्डा करून त्यात शेणखत, थोडा बारीक मुरूम आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळली. जून 2022 मध्ये 180 रुपयाला झाड आणलं, गुलाबी फुलांचे दोन झुपके होते त्यावर. लावलं. जुलैपर्यंत ती फुलं गळली, वरच्या फांद्या हळूहळू वाळल्या, आणि मग बुडातून एक हिरवागार फुटवा आला नि असा काही सुटला की सप्टेंबरात माझ्या खांद्याला लागला. पानं टवटवीत, कीड नाही, रोग नाही, पण कळी म्हणाल तर एकही नाही.

नर्सरीत गेले, मोबाइलवर फोटो दाखवला. म्हणाले, पावसात नाही फुलत ताई, थांबा. थांबले. नोव्हेंबरात परत गेले तर म्हणाले खत कमी पडतंय, बोनमील आणि डीएपी दिलं, पैसे घेतले. जानेवारीत तिसऱ्यांदा गेले, म्हणजे ऐन गुलाबाचा मोसम, शेजारच्यांच्या कुंडीतसुद्धा फुलं आणि माझं झाड सहा फुटांचं, नुसतं पाल्याचं, तर तिथला माणूस मलाच म्हणाला, "तुम्ही छाटणी केली नसेल." मी ऑक्टोबरात छाटणी केली होती. मग एक बाटली दिली, पंधरा दिवसांनी एकदा फवारा म्हणून. तीही फवारली. वरचं कलम मेलं होतं हे मला नंतर कळलं, पण राग त्याचा नाही, झाडं मरतात. राग ह्याचा आहे की तीन वेळा फोटो बघून एकानेही एवढं विचारलं नाही की हा फुटवा निघालाय कुठून. रोज शेकडो कलमं विकणाऱ्या माणसाला हा प्रश्न पहिला सुचायला पाहिजे. मी घरातल्यांशी भांडत होते की झाडाला कोणी साबणाचं पाणी टाकलं का म्हणून.

पाडव्याला, 22 मार्च 2023 ला, दादा आला. त्याची निफाडकडे द्राक्षाची बाग आहे. गुढीचं दर्शन घेऊन बाहेर चहा प्यायला बसला आणि तिथूनच म्हणाला, "अगं, हे खुंट फुटलंय तुझं." मला काही कळेना. मग खाली उकिडवा बसला, खुरपीने बुडाजवळची माती उकरली. आतून तो लाल मातीचा कडक गोळा निघाला, नर्सरीतून झाड येतं ना त्याच्या मुळाशी असतो तो, लाडवासारखा वळलेला आणि वाळून विटेसारखा झालेला. तो फोडल्यावर बोटाएवढा एक जाड बुंधा दिसला, त्याच्या एका बाजूला दोन इंचाचं काळं पडलेलं, वाळलेलं लाकूड, आणि त्या दोघांच्या सांध्यावर पांढऱ्या प्लॅस्टिकची पट्टी. अजून बांधलेली! सालीत रुतली होती ती, दादाने नखाने सोडवली तर खाली खाच पडलेली. माझा सगळा उंच फुटवा त्या पट्टीच्या खालून निघालेला होता.

तर प्रकार असा असतो. नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा कलमाचा असतो. खाली रानटी गुलाबाचं खुंट, म्हणजे मुळांसकट बुंधा, त्याच्या सालीत चीर देऊन आपल्याला हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, भरतात आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतात. तीन-चार आठवड्यांत डोळा धरला की ती पट्टी सोडायची असते, नाहीतर बुंधा जाड होताना ती गळफासासारखी आवळते. माझ्या झाडाची ती सोडलीच नाही आणि वरून सांधा मातीच्या गोळ्यात गाडून टाकला, त्यामुळे कोणाला दिसायचा प्रश्नच नाही. वरचा बटण गुलाब मेला, खालचं रानटी जोमाने वाढलं, आणि मी आठ महिने त्यालाच जपलं, बोनमीलही त्यालाच घातलं. द्राक्षवाल्यांना हे लगेच दिसतं कारण त्यांच्या बागाही डॉगरीज नावाच्या रानटी द्राक्षाच्या खुंटावर असतात, खुंटावरचे फुटवे काढणं हे त्यांचं नेहमीचं काम.

मी गेले पट्टी आणि तो वाळका तुकडा कागदात गुंडाळून नर्सरीत. विकलेलं झाड परत घेत नाही म्हणाले. पैशाचं नाही हो, पण चूक झाली एवढं तरी म्हणावं.

एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर विसरेन. सगळेजण सांगतात की एका देठाला पाच पानं असतील ती फांदी कलमाची आणि सात असतील ती रानटी, सात दिसली की कापा. बटण गुलाबाच्या बाबतीत ह्यावर विसंबू नका. झुपक्याचे हे छोटे गुलाब ज्या पॉलिअँथा गटातले, त्यांच्या पूर्वजांतच मल्टिफ्लोरा हा रानटी गुलाब आहे, आणि तोच बऱ्याच ठिकाणी खुंटाला वापरतात. त्यामुळे चांगल्या बटण गुलाबालाही सात-सात पानं येतात, माझ्या आत्ताच्या झाडांना आहेत. पानं मोजून चांगलं झाड कापून बसाल. माती बाजूला करा आणि फांदी सांध्याच्या वरून निघाली की खालून ते बघा, दुसरी खात्रीची खूण नाही. खालून असेल तर कात्रीने कापू नका, तिथून परत दोन फुटतात, बुडाशी धरून ओरबाडून काढा.

नर्सरीतूनच घेणार असाल तर फुलं बघून घेऊ नका, तीच माझी चूक झाली. सांधा बघायला मागा, पट्टी असेल तर तिथेच सोडवायला लावा, सांध्याच्या वर निदान दोन-तीन हिरव्या फांद्या पाहिजेत. तो लाल गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने मोकळा करा, नाहीतर मुळं त्यातच कोंडतात. आणि लावताना सांधा मातीच्या वर दोन बोटं राहू द्या.

पण मी परत कलम घेतलंच नाही. सिन्नरला मावशीच्या मागच्या दारी मोरीच्या पाण्यावर एक बटण गुलाब आहे, मी शाळेत असल्यापासून बघतेय, त्याला कधी कोणी औषध मारलेलं मला आठवत नाही. जुलै 2023 मध्ये त्याच्या आठ काड्या आणल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, नुकती फुलं होऊन गेलेल्या फांदीच्या. खालची पानं काढली, वर दोन ठेवली, दोन डोळे मातीत जातील अशा दुधाच्या पिशव्यांत लावल्या, खाली भोकं पाडून. माती आणि वाळू निम्मी निम्मी. सावलीत जिन्याखाली ठेवल्या. पंधरा दिवसांत पालवी फुटते पण ती बघून हुरळून काडी हलवून बघायची नाही, मुळं यायला महिना-दीड महिना लागतो. पाच जगल्या. अशा काडीच्या झाडाला खुंट नसतंच, ते स्वतःच्याच मुळांवर उभं असतं, त्यामुळे बुडातून काहीही फुटलं तरी बटण गुलाबच फुटतो. कमी लक्ष देऊन वाढवायचं असेल तर मला हेच पटतं, लहान झुपक्याचे गुलाब काडीने लागतातही सहज.

दसऱ्याला त्यातली तीन गेटजवळच्या बागेच्या पट्टीत लावली, दोन-दोन फुटांवर. दाट लावू नका, पावसाळ्यात वारा खेळला नाही की काळ्या ठिपक्यांनी पानं पिवळी होऊन गळतात, माझीही थोडी गळतात पण नवी येतात. जानेवारीत सकाळी दूध घ्यायला गेट उघडलं तर मधल्या झाडावर पहिला झुपका, अकरा कळ्या, तीन उमललेल्या, एकेक फूल जुन्या रुपयाएवढं. मी तशीच खाली बसले पायरीवर.

आता काम काय असतं तर आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी, उन्हाळ्यात तीनदा, ते बुडाशी, पानांवर नाही. बुडाशी वाळक्या पाल्याचं आच्छादन. झुपका सुकला की खालच्या दोन पानांसकट कापायचा. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा ही कीड आली तर पाण्याची जोरात पिचकारी, बाकी काही फवारत नाही. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एक छाटणी, उंचीच्या एक तृतीयांश, आणि जाड फांदी कापली असेल तर कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, दादा आणून देतो. छाटल्यापासून साधारण दीड महिन्यात फुलं. दोन मुठी शेणखत छाटणीच्या वेळी आणि एकदा जूनमध्ये, बस.

उरलेली दोन रोपं शेजारच्या काकूंना आणि कोपऱ्यावरच्या वहिनींना दिली. ह्या जुलैत अजून काड्या करणार आहे, चार जणींनी सांगून ठेवलंय. आणि हो, काड्या कापताना खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घ्या, पिशवीत लावेपर्यंत कुठलं टोक खालचं हे कळत नाही आणि उलटी लागली तर ती काडी गेली.